आपोआप सुरू होणारी मोटर

सकाळचे अकरा वाजले होते. जाकीर मिस्त्री सुंदररावांच्या विहिरीवर मोटरीच्या ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणारी, दोरी बदलत होते. काम उरकत आलं होतं. मेन स्विच बंद ठेवूनच त्यांनी दोरी भरली, नट आवळले, मग मेन टाकला. मोटर सुरू करायच्या आधी खाली पडलेला पाना उचलायला ते वाकले आणि त्याच क्षणी मोटर घरघरत सुरू झाली. गळ्यातल्या गमछ्याचं टोक फिरत्या दांड्यात गेलं. मिस्त्रींनी जीव खाऊन मान मागं ओढली. गमछा तीन उन्हाळे जुना होता, म्हणून फाटला. नवा असता तर काय झालं असतं, याचा विचार त्यांनी त्या वेळी केला नाही. आधी मेन खाली ओढला आणि मग ते बांधावर बसले.

"सुंदरराव, कावून चालू केली मोटर? माणूस वाकलेला दिसंना का?"

सुंदरराव वीस पावलांवर लिंबाखाली होते. ते धावतच आले. "आरं मी हात बी लावला न्हाई जाकीरभाई! फोन बघा, खिशातच हाय. आपोआप झाली चालू."

मोटर आपोआप सुरू झाल्याची नांदूरघाटच्या शिवारातली त्या महिन्यातली ही तिसरी तक्रार होती.

या सगळ्या मोटरींवर एकाच कंपनीचा मोबाईल स्टार्टर होता. निळ्या रंगाची, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिच्यात सीमकार्ड घालायचं. घरबसल्या त्या नंबरला मिस कॉल दिला की मोटर चालू, परत दिला की बंद. मालकाचा नंबर पेटीत नोंदवून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या फोनला ती दाद देत नाही. नांदूरघाट आणि आसपासच्या वस्त्यांवर अशा बेचाळीस निळ्या पेट्या होत्या आणि बेचाळीसच्या बेचाळीस जाकीर मिस्त्रींनी बसवल्या होत्या. त्यामुळं मोटर बिघडली की नाव त्यांचं निघत होतं. आप्पारावांनी तर पारावर सरळ सांगून टाकलं होतं, "ही भानामती हाय. न्हाईतर जाकीरनं वायरा उलट्या जोडल्यात. दोन्हीपैकी एक."

मिस्त्रींनी सुंदररावांची पेटी काढली आणि फाटक्या गमछ्यात बांधून दुकानात आणली.

दुकान एसटी स्टँडाजवळ होतं. पुढं मोटर वाईंडिंग, मागं घर. मिस्त्रींची मुलगी शाईस्ता तेव्हा दुकानातल्या टेबलाशी बसून वहीत काहीतरी खोडत होती. ती केजच्या कॉलेजातून बीसीए झाली होती, त्याला आता वर्ष होत आलं होतं. शेवटच्या वर्षाला कॉलेजात एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. चोर कसे सिस्टीममध्ये शिरतात आणि त्यांना शोधणारी माणसं कशी विचार करतात, हे त्यांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून शाईस्ताच्या डोक्यात एकच होतं: सायबर सिक्युरिटी. पण सुरुवात कुठून करायची? एक व्हिडिओ म्हणे आधी नेटवर्किंग शिका. दुसरा म्हणे लिनक्स. तिसरा म्हणे पायथन आलं नाही तर काहीच उपयोग नाही. पुण्याचा एक क्लास म्हणे आमचं सर्टिफिकेट घ्या, बाकी सगळं सोडा. तिनं वहीत शिकायच्या गोष्टींची यादी केली होती. ती एकतीसपर्यंत गेली होती. त्यातल्या सहा तिनं सुरू केल्या आणि सहाही अर्ध्यात सोडल्या, कारण प्रत्येक वेळी वाटायचं, खरी सुरुवात ही नाहीच, ती दुसरीकडं कुठंतरी आहे.

अब्बांच्या गळ्यावर गमछ्याचा लाल वळ दिसला तशी ती उठली.

"काय झालं अब्बा?"

मिस्त्रींनी पेटी टेबलावर आपटली. "हिला विचार. मी न लावता चालू होती म्हणं."

अम्मी, म्हणजे सलिमा, आतून हळदीची वाटी घेऊन आली. वळावर हळद लावता लावता ती पेटीवरच चिडत होती. "फेकून दे हिला. आपल्या जिवापेक्षा जास्त हाय का?"

शाईस्ता पेटीकडं बघत राहिली. आजवर अशा कितीतरी पेट्या या टेबलावरून गेल्या होत्या, पण तिनं एकीलाही हात लावला नव्हता. ते अब्बांचं काम होतं, तिचं कॉम्प्युटरचं होतं. आता पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की ही पेटी फोन उचलते, नंबर ओळखते, आलेला मेसेज वाचते. मग हा कॉम्प्युटरच नाही तर दुसरं काय आहे?

"अब्बा, हिच्यावर मोटरीच्या जागी बल्ब लावून देता?"

मिस्त्रींकडं तपासणीची फळी होतीच. त्यांनी पेटीला मोटरीऐवजी साठ वॅटचा बल्ब जोडून दिला. शाईस्तानं कंपनीचं माहितीपत्रक काढलं. ते इंग्रजीत होतं आणि अक्षरं मुंगीएवढी. त्यात बघून तिनं मेसेज पाठवून अब्बांचा नंबर नोंदवला. अब्बांच्या फोनवरून मिस कॉल दिला. बल्ब लागला. स्वतःच्या फोनवरून दिला. पेटीनं फोन तोडला, बल्ब ढिम्म. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

"पेटी तर बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा होती. पेटी बरोबर असेल तर चूक जोडणाऱ्याची.

दुसऱ्या दिवशी शाईस्तानं आणखी काय काय करून बघितलं. पेटी उन्हात ठेवली. वायर हलवली. व्होल्टेज कमी करून बघितलं. काही नाही. दुपारी लाईट गेली, तेव्हा ती जेवायला आत गेली. तासाभरानं लाईट आली. ती दुकानात येऊन बसली आणि सवयीनं, फार विचार न करता, स्वतःच्याच फोनवरून पेटीला मिस कॉल दिला.

बल्ब लागला.

ती खुर्चीवरून उठलीच. परत कॉल. बल्ब विझला. परत. लागला. तिनं आत जाऊन अम्मीचा फोन आणला, त्यावरून लावला. लागला. समोरच्या फळवाल्या चाँदचाचांना म्हणाली, "चाचा, या नंबरला एक मिस कॉल द्या." चाचांनी पेरू तोलता तोलता दिला. लागला!

"अब्बा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मिस्त्री हातातली तांब्याची तार सोडून आले. "ही विसरती! लाईट गेली की ही सगळं विसरती!"

पुढचा सगळा दिवस दोघं त्या पेटीला चिकटून होते. शाईस्ता वायर काढायची, घड्याळ लावायची, परत जोडायची. पाच मिनिटं बंद ठेवली तर पेटीला नंबर आठवत होता. दहा मिनिटांनीही आठवत होता. वीस मिनिटांनी मात्र ती कोरी होऊन उठायची, कारखान्यातून आली तशी. आणि कोऱ्या पेटीचा नियम असा की कोणाचाही मिस कॉल चालतो.

मिस्त्रींनी पेटी उघडली. आत बटणासारखा एक छोटा सेल होता. मीटर लावून बघितला आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मेलाय हा. जेमतेम दहा-पंधरा मिनिटं दम धरतो. तीन वर्षं झाली बसवून. लाईट नसताना याच्यावरच हिची आठवण चालत असणार."

"आणि शेतीची लाईट रोजच जाती," शाईस्ता म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "म्हंजे रोज ही कोरी होती. पण मालकाचाही मिस कॉल चालतोच, म्हणून कुणाला पत्ताच लागला न्हाई!"

एकच कोडं उरलं होतं. सुंदररावांच्या मोटरीला सकाळी अकराला मिस कॉल कोण देणार? तिनं पेटीतलं सीमकार्ड काढून एका साध्या फोनमध्ये घातलं आणि फोन टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत चार फोन आले. दोन विम्याच्या जाहिरातीचे, एक मोबाईल कंपनीचा, आणि एक माणूस आष्टीहून विचारत होता, "भगवानराव हायेत का?" भानामती सापडली होती. ती जाहिरातींच्या कंपनीत नोकरीला होती.

शाईस्ता हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की गेल्या दोन दिवसांत तिनं वहीतली यादी उघडलीसुद्धा नव्हती.

तिनं तेजश्रीला फोन लावला. तेजश्री वडवणीची, कॉलेजातली मैत्रीण. आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत तपासणीचं काम करायची. शाईस्तानं एका दमात सगळं सांगितलं.

"नंबर नोंदवायचा मेसेज कसा असतो गं?" तेजश्रीनं विचारलं.

"आधी पासवर्ड, मग नंबर."

"पासवर्ड काय आहे?"

"एक दोन तीन चार."

"सगळ्या पेट्यांचा?"

शाईस्तानं माहितीपत्रक परत बघितलं. पासवर्ड बदलता येत होता, पण तो बदलला कोणी होता? आणि बदलला असता तरी वीस मिनिटांत पेटी तोही विसरणार होती. "सगळ्यांचा," ती हळूच म्हणाली.

"आणि पेटीतल्या सीमचे नंबर बाहेर कोणाला माहीत असतात का?"

शाईस्ता उठून अब्बांच्या खणातून सीमकार्डांची रिकामी पाकिटं घेऊन आली. अब्बांनी दुकानदाराकडून एकदमच गठ्ठा घेतला होता. प्रत्येक पाकिटावर मालकाचं नाव लिहिलेलं होतं, आणि नंबर ओळीनं होते. शेवटचे दोन आकडे बदलत जायचे, बस. एक माहीत असेल तर बाकीच्याही मोटरी माहीत.

"तेजू," ती म्हणाली, "म्हणजे कोणी लांब बसून अख्ख्या शिवाराच्या मोटरी चालू करू शकतं. अब्बांसारखा कोणी वाकलेला असेल तरी."

"आता नीट ऐक. आपल्या पेटीवर, आपल्या टेबलावर काय करायचं ते कर. दुसऱ्याच्या पेटीला त्याला विचारल्याशिवाय एक मेसेजसुद्धा पाठवायचा नाही. आणि दुरुस्त होईपर्यंत गावात बोलू नकोस. आणि शाईस्ता, वर्षभर तू मला विचारतीयेस ना, सुरुवात कुठून करू म्हणून?"

"हो."

"परत विचारू नकोस. तू केलीस की."

शाईस्तानं फोन ठेवला. तिला दुकानात बसवेना. ती उगाचच स्टँडापर्यंत चालत गेली आणि परत आली.

तेजश्रीचं बोलणं तिला पटलं होतं, पण पचायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सुंदररावांचा मुलगा अंगद पेटीची चौकशी करायला आला. पंचविशीचा, बोलका, सगळ्यांची टर उडवणारा. शाईस्ता इतकी आनंदात होती की तिनं त्याला सगळंच दाखवलं. अम्मीच्या फोनवरून एक मेसेज, आणि बल्ब अम्मीचा झाला. आणखी एक मेसेज, आणि अब्बांचा नंबर बाद.

"लईच भारी!" अंगद म्हणाला. "आप्पारावाची चालू करून दाखव की."

"न्हाई. विचारल्याशिवाय न्हाई करायचं."

"बरं, ऱ्हायलं," म्हणून तो गेला. जाताना तो टेबलावरच्या सीमच्या पाकिटांकडं बघत फोनमध्ये काहीतरी लिहीत होता, ते तिनं बघितलं. पण तिला त्यात काही वाटलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पाराव दुकानात आले ते दारातूनच ओरडत. त्यांच्या हरभऱ्याला नुकतीच फुलं लागली होती. आदल्या दुपारी ते लग्नाला केजला गेले आणि इकडं त्यांची मोटर चार तास चालली. अर्ध्या एकरात पाणी तुंबलं होतं. फुलातल्या हरभऱ्याला एवढं पाणी म्हणजे त्याचं काय होतं, हे नांदूरघाटात कोणाला सांगावं लागत नाही.

"जाकीर, तुझी पेटी तुलाच लखलाभ! आजच्या आज काढ!"

मिस्त्री काही बोलायच्या आत शाईस्ता पुढं झाली. अंगद जाताना फोनमध्ये काय लिहीत होता, ते आता तिच्या लक्षात आलं होतं.

"आप्पाकाका, अब्बांची चूक न्हाई. माझी हाय."

"तुझी? तू कावून चालू करशील माझी मोटर?"

"मी न्हाई केली. पण कशी करायची ते मी एकाला दाखवलं. दाखवायला नको होतं."

ती तशीच चप्पल घालून सुंदररावांच्या घरी गेली. अंगद ओट्यावर बसला होता. तिला बघून हसला, पण तिचा चेहरा बघून हसू विरलं.

"अगं गंमत केली. एकदाच दिला मिस कॉल. मला वाटलं काका बंद करतील लगेच."

"काका केजला गेलते. हरभरा बुडाला त्यांचा. माझे अब्बा तशा मोटरीवर वाकले होते अंगद, तुझ्याच विहिरीवर. तू गमछा बघितलास ना?"

अंगदनं मान खाली घातली. मग तो उठला आणि तिच्याबरोबर दुकानात आला. आप्पारावांच्या पुढं उभं राहून त्यानं कबूल केलं. आणि दोन दिवस राबून चर काढून रानातलं पाणी उतरवून द्यायचंही मान्य केलं.

आप्पाराव म्हणाले, "मी म्हणत होतो भानामती हाय. ती सुंदररावाच्या पोराच्या खिशात निघाली." दुकानात कोणीतरी हसलं, आणि मग आप्पारावसुद्धा हसले. पण जाताना शाईस्तापुढं थांबले. "पोरी, माझी पेटी काढू नको. नीट कर."

त्या दिवशी तिनं बेचाळीस नावं लिहून काढली. पुढचे आठ दिवस ती आणि मिस्त्री मोटारसायकलवर शिवार पालथं घालत होते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री यायची; हा आठवडा दिवसाचा होता, ते बरं झालं. बांधाबांधावरून, उसाच्या कडेनं, तुरीतून वाट काढत ते विहिरीवर पोचायचे. मालकाला बोलवायचं, त्याला समजावून सांगायचं, त्यानं हो म्हटल्यावर मेन खाली ओढून पेटी उघडायची. मिस्त्री नवा सेल बसवायचे, शाईस्ता मालकालाच चार आकडे निवडायला लावायची. एका म्हातारबानं जन्मसाल सांगितलं. ती म्हणाली, "ते तर गावाला ठाऊक हाय बाबा." तो विचार करून म्हणाला, "मग माझ्या पयल्या बैलजोडीचं साल टाक. ते फक्त मला ठाऊक हाय." तिनं डोळे मिटून फोन त्याच्या हातात दिला. "मला बी सांगू नका. तुमीच टाका."

मोटारसायकलवर मागं बसून तिच्या डोक्यात प्रश्नांचा पूर असायचा. मेसेज टॉवरवरून पेटीपर्यंत नेमका जातो कसा? वाटेत कोणी वाचू शकतं का? पासवर्ड पेटीत कुठं लिहिलेला असतो? घरी आली की ती एकेका प्रश्नाचं उत्तर शोधत बसायची, आणि गंमत म्हणजे शोधता शोधता ती नेटवर्किंगच वाचत होती. तेच धडे, जे तिनं दोनदा कंटाळून सोडले होते. आता ते कादंबरीसारखे सरकत होते.

पण नांदूरघाटच्या पेट्या नीट झाल्या म्हणजे झालं का? त्याच निळ्या पेट्या गेवराईत असतील, माजलगावात असतील, जालन्यात असतील. शाईस्तानं कंपनीला लिहायचं ठरवलं. पहिलं पत्र तिनं इंग्रजीत अवघड शब्द घालून लिहिलं. तेजश्रीनं ते वाचून परत पाठवलं. "तू काय केलंस, काय झालं, काय व्हायला पाहिजे होतं. एवढंच लिही. त्यांना बसल्या जागी तसंच करून बघता आलं पाहिजे." दुसरं पत्र दीड पानाचं झालं. सोबत बल्बचा व्हिडिओ. मिस्त्रींनी व्हिडिओत आपला गमछाही दाखवायचा आग्रह धरला, तो तिनं मानला.

सहा दिवस उत्तर नाही. तेजश्रीनं सांगितलं की दिल्लीत एक सरकारी संस्था अशा त्रुटींची माहिती घेते आणि कंपन्यांना कळवते. शाईस्तानं तिथंही तेच दीड पान पाठवलं. सलिमा विचारायची, "आलं का गं?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, "येईल. एवढं खरं लिहिलंय."

अकराव्या दिवशी दुपारी फोन आला. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर बोलत होता, सोमेश्वर नावाचा. आवाज थकलेला.

"मॅडम, तुमचा मेल वाचला. पासवर्ड बदलायला आम्ही माहितीपत्रकात स्पष्ट सांगितलंय. पान नऊ."

शाईस्तानं माहितीपत्रक पुढं ओढलं. टेबलावर पेटीही होती आणि पेटीबाबत तिला जेवढं माहीत होतं तेवढं खात्रीनं माहीत होतं.

"सर, पान नऊ मी वाचलं. पासवर्ड बदलला. मग वीस मिनिटं लाईट बंद ठेवली. परत एक दोन तीन चार झाला."

"असं होणार नाही. आत सेल आहे."

"तीन वर्षांनी सेल मरतो सर. बेचाळीस पेट्या उघडल्या आम्ही. एकोणतीस सेल मेलेले होते. आणि सेल मेल्याचं पेटी कुणाला सांगत न्हाई. ती गुपचूप कोरी होती."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बेचाळीस उघडल्या?"

"हो."

"एक मिनिट थांबा, मी वही घेतो," सोमेश्वर म्हणाला, आणि आता त्याचा आवाज थकलेला नव्हता. "पहिल्यापासून सांगा."

ते दीड तास बोलले. मध्येच त्याच्याकडचं कोणीतरी एक जुनी पेटी घेऊन आलं, त्यानं तिथंच वायर काढली, आणि वीस मिनिटं दोघं पावसापाण्याचं बोलत थांबले. मग त्यानं शेजारच्या माणसाच्या फोनवरून मिस कॉल दिला. शाईस्ताला फोनमधून पेटीचा खट्ट आवाज ऐकू आला आणि मागोमाग सोमेश्वरचा, "अरे देवा!" ती टेबलाखाली पाय आपटत होती. मिस्त्री दारात उभे राहून खुणेनं विचारत होते, काय म्हणतो? तिनं अंगठा वर केला.

दीड महिन्यात कंपनीनं पेटीची आज्ञावली बदलली. आता आठवण सेलवर चालत नव्हती, आणि कोरी पेटी कोणाचाच मिस कॉल घेत नव्हती. जुन्या ग्राहकांना दुकानदारांमार्फत सूचना गेली. बदल कोणामुळं झाला, ते त्या सूचनेत खाली एका ओळीत लिहिलं होतं: शाईस्ता जाकीर शेख, नांदूरघाट, जिल्हा बीड. चाँदचाचांनी ती सूचना छापून घेतली आणि पेरूच्या गाड्यावर लावली. पेरू घेणाऱ्या प्रत्येकाला ती वाचावीच लागायची.

त्या सूचनेनंतर आठवड्यानं सोमेश्वरचा परत फोन आला. वस्तू बाजारात जाण्याआधी त्यांच्यातले असे दोष शोधण्यासाठी कंपनी एक छोटा गट तयार करत होती. सहा महिने शिकाऊ म्हणून येता का? पुढचं काम बघून ठरवू.

सलिमाला पहिल्यांदा धास्तीच वाटली. पुणे लांब, पोरगी एकटी. मग तेजश्रीनं स्वतः फोन करून सांगितलं की तिच्या खोलीत एक खाट रिकामी आहे आणि घरमालकीण सातच्या आत घरी यायला लावते. "मग बरी हाय," सलिमा म्हणाली. मिस्त्रींनी कोणालाच काही विचारलं नाही. ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "मोटर जळाली की मी बांधतो. ही जळायच्या आधी बघणार."

नोकरीच्या पहिल्या दिवशी शाईस्ता दहा मिनिटं आधी पोचली. लांब टेबलाभोवती पाच जण बसले होते, सगळे इंजिनिअर, सगळ्यांपुढं लॅपटॉप. सोमेश्वर तिला वाटलं होतं त्यापेक्षा तरुण निघाला. त्यानं टेबलाच्या मधोमध एक पांढरं गोल यंत्र ठेवलं.

"गावातल्या पाण्याच्या टाकीवर बसणार आहे हे. ग्रामपंचायतीतून व्हॉल्व्ह उघडायचा, बंद करायचा. अजून बाजारात गेलेलं नाही. आम्ही चार महिने तपासतोय. आम्हाला तरी काही सापडलं नाही."

सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं यंत्र हातात घेतलं, वजन बघितलं, उलटं केलं.

"टाकीवर कोण कोण चढतं, हे धरलंय का यात?"

"म्हणजे?"

"पाणी सोडणारा चढतो. टाकी धुणारे चढतात. शाळा सुटली की पोरं चढतात, वरून गाव दिसतं म्हणून. तार जोडायला वायरमन चढतो." तिनं यंत्राच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथं एक बारीक भोक होतं. "हे कशाला आहे?"

"रिसेटचं," टेबलाच्या टोकाचा एक जण म्हणाला. "आत बटण आहे. पासवर्ड विसरला तर सर्व्हिसवाल्यासाठी."

"दाबलं की काय होतं?"

त्यानं सोमेश्वरकडं बघितलं. सोमेश्वरनं दुसऱ्याकडं. मग सोमेश्वरनं खुर्ची ओढली आणि तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"टाचणी आहे का कोणाकडं?"

शाईस्तानं ओढणीची पिन काढून टेबलावर ठेवली.